अक्षरांचे बिऱ्हाड : मोडी दप्तरापासून संकेतस्थळापर्यंत

माणूस घर बदलतो तेव्हा भांडीकुंडी मोजून गाडीत भरतो. नव्या घरी पोचल्यावर पुन्हा मोजतो. एखादी वाटी कमी भरली तरी घरातील वडीलधारे दोन दिवस हळहळतात. परंतु समाजाची अक्षरे जेव्हा एका घरातून दुसऱ्या घरी जातात, तेव्हा ती मोजून घेणारा कोणी असतोच असे नाही. काय नेले, काय राहिले आणि काय वाटेत सांडले, हे पुष्कळ वर्षांनी, एखादा अभ्यासक किंवा एखादा नातू शोध घेऊ लागला म्हणजे कळते. तोवर जुने घर पडलेले असते.

वाचकहो, ज्या कागदपत्रांवर आपला हक्क, आपले नाव आणि आपली आठवण उभी आहे, त्यांचे असे स्थलांतर गेल्या दोन शतकांत निदान चार वेळा झाले. मोडीतून छापील बालबोधात, नागपुरातून भोपाळला, कागदावरून संगणकाच्या पडद्यावर, आणि पडद्यावरही एका लिपी-संकेतातून दुसऱ्यात. यांतले शेवटचे स्थलांतर आपल्या डोळ्यांदेखत झाले, म्हणून त्याचा इतिहास अजून कोणी लिहिलेला दिसत नाही. डोळ्यांसमोर घडते ते इतिहास नव्हे, असा आपला एक गोड गैरसमज आहे. तो बाजूला ठेवून हा छोटासा प्रयत्न करीत आहे.

मोडी, मुद्रण आणि १९५६

सौसर, लोधीखेडा, पांढुर्णा हा सातपुड्याच्या पायथ्याचा आणि पठाराचा मुलूख. आधी देवगडचे गोंड राज्य, नंतर नागपूरकर भोसले आणि १८५४ पासून इंग्रज अशी इथली सत्तेची साखळी आहे. भोसल्यांच्या काळातील कारभार मोडीत चाले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळांतून आणि व्यवहारातून मावळली. कागद कुठे कुठे शिल्लक राहिले, पण वाचणारे डोळे गेले. ही गोष्ट नीट ध्यानात ठेवावी, कारण पुढे संगणकाच्या बाबतीत नेमके हेच घडले. अक्षर नष्ट व्हायला आग किंवा वाळवीच लागते असे नाही. वाचण्याची किल्ली हरवली तरी पुरे.

छपाईने मराठीला नवे घर दिले. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत 'दर्पण' सुरू केले. त्यात एका स्तंभात मराठी आणि शेजारच्या स्तंभात इंग्रजी मजकूर असे. मराठी वृत्तपत्राचा जन्मच असा दोन भाषांच्या उंबरठ्यावर झाला, ही बाब दोन भाषांत वावरणाऱ्या आपल्यासारख्यांना सुखावणारी आहे. पुढे १८८१ मध्ये पुण्यास 'केसरी' निघाला. आपल्या बाजूचे म्हणाल तर ग. त्र्यं. माडखोलकरांनी १९४४ साली नागपुरात 'तरुण भारत'ची धुरा घेतली; १९१८ साली यवतमाळहून साप्ताहिक म्हणून निघालेला 'लोकमत' डिसेंबर १९७१ मध्ये नागपुरातून दैनिक झाला. नागपूर येथून सुमारे साठ किलोमीटर. आपल्या गावचा बाजारभाव, संत्र्याची आवक, शाळेचे गॅदरिंग, पांढुर्ण्याची गोटमार हे सारे मराठीत छापून आले ते मुख्यतः नागपुरी पत्रांतून.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. राजधानी नागपूरहून भोपाळला, उच्च न्यायालय नागपूरहून जबलपूरला गेले. त्याआधीच्या जुन्या मध्य प्रदेशात १९५० च्या कायद्याने हिंदी आणि मराठी या दोन्ही राजभाषा होत्या. नव्या राज्याने हिंदी स्वीकारली. यात कोणाला दोष देण्याचे कारण नाही; हिंदीने आपल्याला पोटाशी धरले आहे आणि आपणही तिला परकी मानलेले नाही. परंतु परिणाम असा झाला की आपले सरकारी दप्तर हिंदीत, आपली जुनी कागदपत्रे नागपुरी फडताळांत, आणि आपली रोजची मराठी नोंद वर्तमानपत्रांच्या रकान्यांत, अशी तीन ठिकाणी वाटणी झाली. म्हणून वर्तमानपत्राच्या जुन्या अंकांचे काय होते हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या वाचकापेक्षा आपल्याला अधिक लागू आहे. तिथे शासनाचे दप्तरही मराठीत आहे. इथे तसे नाही.

जाळे आले, अक्षर अडले

टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञाने १९८९ साली जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या प्रयोगशाळेत वेबची कल्पना मांडली. ३० एप्रिल १९९३ रोजी त्या संस्थेने हे तंत्र सर्वांना विनामूल्य खुले केले. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले आणि त्याच वर्षी 'द हिंदू' जाळ्यावर आला. दशकाच्या अखेरीस मराठी दैनिकेही आली. अमेरिकेतला किंवा आखातातला मराठी माणूस सकाळी उठून आपल्या जिल्ह्याची बातमी वाचू लागला. पूर्वी हाच अंक टपालाने पोचायला आठवडे लागत.

पण एक अडचण होती. संगणक इंग्रजी अक्षरे जाणत होता, देवनागरी जाणत नव्हता. छापखान्यांनी यावर पूर्वीच युक्ती काढली होती. इंग्रजी अक्षराच्या खोलीत मराठी अक्षराचे चित्र बसवायचे. संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरच राही, पडद्यावर मात्र 'क' किंवा 'म' दिसे. अशा चित्रांच्या संचाला फॉन्ट म्हणतात. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, बेंगळूरूच्या सायबरस्केपची आकृती, सी-डॅकचे फॉन्ट, हिंदीकडे कृतिदेव, अशा अनेक व्यवस्था रूढ झाल्या. त्यांनी छपाईचे काम खरोखर सुकर केले. नव्वदीच्या दशकातले आपले कितीतरी दिवाळी अंक त्यांच्यावरच निघाले. मात्र कोणत्या खोलीत कोणते अक्षर, हे प्रत्येकाने आपापल्या परीने ठरवले होते. एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्यात उघडला की भलतीच अक्षरे समोर येत.

कागदावर छापायचे असेल तर हे चालून जाते, कारण शाई एकदा उमटली की फॉन्टचे काम संपते. जाळ्यावर तसे नसते. तिथे मजकूर वाचकाच्या संगणकात नव्याने उमटायचा असतो. त्याच्याकडे तो फॉन्ट नसेल तर सगळी बातमी म्हणजे उलटसुलट इंग्रजी अक्षरांचा ढीग. म्हणून आरंभी 'आमचा फॉन्ट उतरवून घ्या' अशी सूचना मुखपृष्ठावरच असे. १९९७ पासून मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये पानाबरोबर फॉन्टही आपोआप पाठवण्याची सोय झाली. तिला डायनॅमिक फॉन्ट म्हणत. पण ती त्या एकाच खिडकीतून चाले. २००४ साली फायरफॉक्स आला, २००८ मध्ये क्रोम आला, आणि जुनी पाने त्या खिडक्यांतून वाचता येईनात. २०२२ च्या जूनमध्ये इंटरनेट एक्सप्लोररच निवृत्त झाला. मोडीचे वाचक जायला दोन पिढ्या लागल्या होत्या. या पानांचे वाचक पंधरा-वीस वर्षांत गेले.

एक अक्षर, एक घर

यावरचा उपाय आधीपासून तयार होता, हे सांगितल्यावर आश्चर्य वाटेल. भारतीय मानक संस्थेने १९९१ साली 'इस्की' हा भारतीय लिप्यांचा सामायिक संकेत मान्य केला. त्याच वर्षी जगातील सर्व लिप्यांसाठी युनिकोड या मानकाची पहिली आवृत्ती निघाली आणि तीत इस्कीच्या आधारे देवनागरीला १२८ घरांची एक आळी मिळाली. कल्पना साधी आहे. 'क' चे चित्र कसेही काढा, त्याचा क्रमांक जगभर एकच. मजकूर आणि त्याचा पेहराव यांची फारकत झाली. फॉन्ट बदलला तरी शब्द तोच राहतो.

उपाय मिळूनही तो घराघरात पोचायला वेळ लागला. विंडोज २००० पासून सामान्य संगणकात देवनागरी युनिकोड आले. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला. नोव्हेंबर २००९ मध्ये भारत सरकारने ई-प्रशासनासाठी युनिकोड हे मानक म्हणून अधिसूचित केले. मराठी दैनिकेही या सुमारास एकेक करून युनिकोडकडे वळली.

आता खरा प्रश्न उभा राहिला. नवे अंक युनिकोडात. जुन्या आठ-दहा वर्षांचे काय? ते रूपांतरित करणे शक्य होते, पण वाटते तितके सोपे नव्हते. 'शिक्षक' हा शब्द घ्या. जुन्या फॉन्टमध्ये आधी वेलांटी आणि मग 'श', कारण चित्रात वेलांटी डावीकडे असते. युनिकोडात आधी 'श' आणि मग वेलांटी, कारण उच्चार तसा आहे. 'कर्म' मधला रफार जुन्या पद्धतीत 'म' च्या नंतर, नव्या पद्धतीत 'म' च्या आधी. म्हणजे नुसते एका खोलीतून दुसऱ्या खोलीत सामान नेऊन भागत नाही; मांडणीच बदलावी लागते. प्रत्येक फॉन्टसाठी वेगळे कोष्टक करावे लागते आणि शेवटी कोणीतरी मराठी जाणणाऱ्याने बसून तपासावे लागते.

त्यात मराठीची आपली काही खास अक्षरे आहेत. या लेखाच्या मथळ्यातला 'बिऱ्हाड' हा शब्दच पाहा. त्यातला अर्धा 'ऱ' हिंदीला लागत नाही, म्हणून हिंदीसाठी केलेल्या साधनांत तो हमखास अडखळतो. युनिकोडात तो दोन रीतींनी लिहिता येतो. डोळ्याला दोन्ही सारखे, यंत्राला मात्र दोन निरनिराळे शब्द. 'ॲड्व्होकेट' मधल्या 'ॲ' ला तर स्वतंत्र घर मिळाले ते २००८ सालच्या आवृत्तीत. त्याआधी तो अ वर चंद्र ठेवून लिहीत. अशी जुनी-नवी दोन्ही रूपे आजही जाळ्यावर एकत्र नांदत आहेत.

वृत्तपत्राच्या कचेरीत रात्री उद्याचा अंक लावायचा असतो. कालचा अंक तपासायला वेळ आणि पैसा कोणाकडे? आपल्याकडे म्हण आहे, पुढचे पाठ, मागचे सपाट. नवे संकेतस्थळ झोकात सुरू होते, उद्घाटनाची बातमी छापून येते आणि जुने पान मुकाट्याने नाहीसे होते. ज्या पत्रांच्या कागदी फायली ग्रंथालयांत बांधून ठेवल्या आहेत, त्यांचा आधार तरी आहे. पण जो मजकूर केवळ जाळ्यावर होता, तो असा गेला म्हणजे कायमचाच गेला.

गेलेले पत्ते आणि वाचलेली पुस्तके

ही केवळ मराठीची व्यथा नाही. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत आढळले, की २०१३ साली जाळ्यावर असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती. बातम्यांच्या पानांपैकी २३ टक्के आणि सरकारी पानांपैकी २१ टक्के पानांवर निदान एक तरी दुवा तुटलेला होता. श्रीमंत देशांची ही कथा; आपली काय असेल याचा अंदाज वाचकांनी करावा. खुद्द बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच लिहून ठेवले होते, की पत्ता आपणहून बदलत नाही, माणसे तो बदलतात. ते शहाणपण जगाने ऐकले नाही.

आपल्या देशातील एक उदाहरण मोठे बोलके आहे. भारतीय अंकीय ग्रंथालय या सरकारी प्रकल्पाने या शतकाच्या आरंभी लाखो जुनी पुस्तके, त्यात असंख्य मराठी, पानोपान प्रतिमा घेऊन जाळ्यावर ठेवली. २०१७ च्या सुमारास ते संकेतस्थळ बंद पडले. परंतु तत्पूर्वी त्यातील लाखो पुस्तकांची प्रत अमेरिकेच्या इंटरनेट अर्काइव्ह या १९९६ साली स्थापन झालेल्या संस्थेकडे पोचली होती. आज ती पुस्तके तिथे वाचता येतात. रोमन लिपीत नोंदवलेली त्यांची नावे कित्येकदा इतकी अशुद्ध आहेत की शोधणाऱ्याला घाम फुटतो, पण पुस्तक आहे. एका घराला कुलूप लागले तेव्हा दुसऱ्या घरी प्रत होती, एवढ्याने ते धन वाचले.

दुसरे उदाहरण समाधानाचे आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली वाई येथे उभा राहिलेला मराठी विश्वकोश. त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला, पुढे वीस खंड झाले. ते जाळ्यावर आले ते शोधता येईल अशा खऱ्याखुऱ्या मराठी अक्षरांत. ज्याच्या घरी वीस खंड ठेवायला फडताळ नाही असा लोधीखेड्याचा विद्यार्थीही आज एखादी नोंद क्षणात काढू शकतो. मात्र विश्वकोशाच्या स्थळाचाही पत्ता काळाच्या ओघात बदलत गेला, आणि जुन्या पत्त्याचा संदर्भ देऊन लिहिलेले लेख त्या मानाने पोरके झाले. पोस्टमन जसा पाकिटावर नवा पत्ता लिहून पत्र पुढे धाडतो, तशी सोय संगणकातही असते आणि ती फार खर्चाची नसते. ती करावी असे कोणाच्या तरी मनात मात्र यावे लागते.

आपला जिल्हा, आपले नाव

आता घरच्या गोष्टीकडे वळू. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची स्थापना १९७६ ची. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस त्याने उपग्रहाच्या साहाय्याने जिल्ह्याजिल्ह्यांची मुख्यालये जोडण्यास आरंभ केला, आणि पुढे जिल्ह्यांची संकेतस्थळे उभी राहिली. २००९ साली सरकारी स्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे निघाली. मजकूर कोणी तपासायचा, कधी तपासायचा आणि जुना झालेला मजकूर कुठे जपायचा याची धोरणे असावीत, असे त्यांत सांगितले आहे. हल्ली देशभरच्या जिल्ह्यांची स्थळे एकाच सामायिक साच्यात बसवली जातात, त्यामुळे देखभाल आणि सुरक्षितता सोपी झाली.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौसर या तहसिली छिंदवाड्यापासून वेगळ्या होऊन पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याला नवे शिक्के, नवी दप्तरे लागतात, तसे नवे संकेतस्थळही लागते. पूर्वीच्या जिल्ह्याच्या पानांवर असलेल्या आपल्या गावांच्या याद्या, सूचना, छायाचित्रे ही नव्या घरी मोजून आणली जातात की नुसती जुन्या घरातून पुसली जातात, यावर पन्नास वर्षांनंतरचा इतिहासकार अवलंबून राहील. १९५६ साली आपण लहान होतो किंवा जन्मलोही नव्हतो. या वेळी आपण साक्षीदार आहोत.

आणि नावाचे काय? आपल्या गावाचे नाव मराठीत 'लोधीखेडा', हिंदीत 'लोधीखेड़ा'. हिंदीत ड खाली एक टिंब आहे, नुक्ता. डोळ्याला ते तिळाएवढे दिसते, पण यंत्राला ती स्वतंत्र खूण आहे. आणि पुन्हा हा नुक्त्याचा ड़ युनिकोडात दोन प्रकारे लिहिता येतो. सौसर हे हिंदीत सौंसर होते. इंग्रजीत तहसील एक स्पेलिंग लिहिते, रेल्वे स्थानकाच्या पाटीवर दुसरे. पांढुर्णा, पांढुरना, पांढुर्ना ही तिन्ही रूपे चालतात. शोधयंत्रे आता हुशार झाली आहेत हे खरे, पण साध्या यादीत, अर्जात, जन्मदाखल्याच्या नोंदीत यंत्र अक्षराला अक्षर ताडून पाहते. बापाच्या दाखल्यावर नुक्ता आहे, मुलाच्या नाही. पडद्यावर दोघे दोन गावचे. दोन भाषांच्या घरात वाढलेल्या माणसाला हे हसण्यावारी नेता येत नाही, कारण खिडकीपलीकडचा बाबू पडद्यावर दिसते तेच प्रमाण मानतो.

चार्ज लिस्ट

शाळेचा मुख्याध्यापक बदलून जातो तेव्हा येणाऱ्याला चार्ज देतो. दाखल-खारीज रजिस्टर किती, कपाटे किती, किल्ल्या किती, याची यादी होते आणि दोघांच्या सह्या होतात. संकेतस्थळालाही अशी चार्ज लिस्ट हवी. पत्ता कोणाच्या नावे नोंदवला आहे? त्याचे वार्षिक शुल्क कोणत्या महिन्यात भरायचे? परवलीचा शब्द कोणाकडे? मजकुराची दुसरी प्रत कुठे? मी पाहिले आहे की कितीतरी शाळांची, वाचनालयांची, मंडळांची स्थळे एखाद्या उत्साही तरुणाने हौसेने उभी केली, तो नोकरीसाठी पुण्याला गेला, शुल्क भरायचे राहिले आणि स्थळ गेले. दोष त्या तरुणाचा नव्हे. किल्ली संस्थेच्या कपाटात नव्हती.

बांधणे हे उत्सवाचे काम आहे, राखणे हे नित्याचे. गणपतीची आरास सगळे करतात. देवळातला रोजचा दिवा एकटा पुजारी लावतो. ज्ञानाच्या बाबतीत हा रोजचा दिवा लावणारा महत्त्वाचा.

आपल्याला काय करता येईल? फार काही अवघड नाही. ज्या वाचनालयांकडे, मंडळांकडे जुन्या अंकांच्या सीडी आहेत, त्यांनी जुने फॉन्ट ओळखणारी माणसे छापखान्यांत आहेत तोवरच मजकूर युनिकोडात आणून घ्यावा. तो साध्या मजकुराच्या रूपात ठेवावा आणि एक छापील प्रतही काढावी. प्रत निदान दोन ठिकाणी असावी, एक इथे आणि एक गावाबाहेर. गावाचे नाव लिहिताना मराठी, हिंदी आणि इंग्रजी तिन्ही रूपे एकदा तरी नोंदवावीत. प्रत्येक सूचनेवर, प्रत्येक छायाचित्राखाली तारीख आणि साल घालावे. आणि हायस्कूलच्या मुलांना, ज्यांची बोटे आपल्यापेक्षा चपळ आहेत, हे काम उन्हाळ्याच्या सुटीत सोपवावे. त्यांना आजोबांच्या काळची मराठी वाचायला मिळेल आणि आजोबांना नातवाकडून काही शिकायला मिळेल.

मोडीचा एखादा कागद आज सापडला तर तो वाचणारा जाणकार नागपुरात किंवा पुण्यात शोधून काढता येतो. कारण कागद तरी आहे. पडद्यावरचे पान मात्र रिकामी जागासुद्धा मागे ठेवत नाही. राजधान्या, राज्ये, जिल्हे बदलतील. त्यावर आपला इलाज नाही. पण बिऱ्हाड हलवताना सामान मोजून घेणे आपल्या हाती आहे. या दिवाळीत घराची झाडलोट करताना माळ्यावरचा जुना अंक, जुनी सीडी, जुनी वही भंगारात घालण्यापूर्वी एकदा उघडून पाहावी, एवढीच वाचकांना विनंती.